काखेतला रोमन पट

आखातातून परत आलेल्या माणसानं काय सांगायचं हे ठरलेलं असतं. ऊन सांगायचं, एका खोलीतले सहा जण सांगायचे, घरच्या आठवणीनं घास घशाखाली उतरत नव्हता हे सांगायचं. मीही वर्षानुवर्षं तेच सांगत आलो. ऊन खरं होतं, खोलीही खरी होती. फक्त एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. फुजैराला मी सुखात होतो. लाज वाटावी इतका सुखात. आता पन्नाशी उलटली, आई राहिली नाही, तेव्हा लिहून टाकतो.

त्या सुखाचं कारण होता एक लाकडी पट.

मी तिकडे गेलो तेव्हा नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. फुजैराच्या समुद्रात मोठी जहाजं नांगर टाकून इंधनासाठी उभी असत आणि छोटी बार्जेस त्यांना तेल पोचवत. कुठलं बार्ज कुठल्या जहाजाला लागणार, हे किनाऱ्यावरच्या ऑफिसात बसून वायरलेसवर जुळवायचं, ही माझी नोकरी. खोलीत माझ्या शेजारच्या कॉटवर दाभोळकडचा एक सारंग होता, बार्जवरच्या खलाशांचा मुकादम. वयानं वडील, म्हणून सगळे त्याला चाचा म्हणत. एका शुक्रवारी दुपारी तो म्हणाला, "अरे मर्दा, किती झोपशील? चल, तुला माणसं दाखवतो."

मासळीबाजाराच्या मागे, समुद्राकडे तोंड करून एक कहवाखाना होता. चालवणारा मलबारी, गिऱ्हाईकं बहुतेक अरब. बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या, हुक्क्याचा वास, आणि लाकडावर लाकूड आपटल्याचा सारखा टकाटक आवाज. टेबलाटेबलावर एक चपटी पेटी पुस्तकासारखी उघडलेली. आत समोरासमोर टोकदार पट्ट्यांची घरं, एका बाजूला बारा, दुसऱ्या बाजूला बारा. प्रत्येकाच्या पंधरा सोंगट्या आणि दोन फासे. आपल्या सगळ्या सोंगट्या फिरवून आपल्या कोपऱ्यात आणायच्या आणि मग पटाबाहेर काढायच्या. एकटी सोंगटी मरते आणि तिला पुन्हा पहिल्यापासून निघावं लागतं, दोन एकत्र असल्या की त्यांना कुणी मारू शकत नाही. इंग्रजीत याला बॅकगॅमन म्हणतात, अरब म्हणतात तावला.

मी पाच मिनिटं बघितलं आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आमच्या गावात श्रावणात देवळात सारीपाट मांडत. कापडी, फुलीच्या आकाराचा. दोन सोंगट्या एका घरात आल्या की जुग झाला, आणि जुगाच्या वाटेला कुणी जायचं नाही. श्रावण संपला की पट गुंडाळून देवळातच ठेवायचा. फासे कुणी घरी नेत नसे. द्यूतानं कुणाकुणाचं काय झालं हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक.

चाचानं मला ज्या टेबलापाशी नेलं तिथं एक सिरियन गृहस्थ बसले होते. तिथल्या मुलांच्या शाळेत इतिहास शिकवत, म्हणून सगळे त्यांना उस्ताज म्हणत. पिकल्या मिशा, इस्त्रीचा शर्ट, आणि फासे टाकताना मनगटाला असा झटका की जणू माशी उडवतायत.

"ये तो हमारा गेम है," मी म्हणालो. "महाभारत में है."

उस्ताजनी वर बघितलं. "महाभारत में चौबीस घर है?"

"नहीं, पर—"

"पंद्रह-पंद्रह गोटी है?"

"नहीं."

"तो बैठो, हबीबी. चाय पियो. ये रोमन का है."

मग त्यांनी मला पहिला धडा दिला. ते दक्षिण सिरियातल्या काळ्या दगडाच्या एका गावचे. गावाच्या मधोमध रोमनांचं नाट्यगृह, आणि त्याच्या पायऱ्यांवर कुणीतरी टोच्यानं कोरून ठेवलेले पट. लहानपणी उस्ताज त्याच रेघांवर खडे आणि खजुराच्या बिया मांडून खेळले होते. रोमनांचा खेळ आधी तीन ओळींचा होता, ओळीत बारा घरं. पुढे एक ओळ गळाली, दोन उरल्या. त्यांचे फासे तीन, आपले दोन. "बाकी क्या बदला? खलास, कुछ नहीं!" तावला हे नावसुद्धा त्यांच्याच भाषेतल्या ताबुलावरून, म्हणजे फळीवरून आलं, म्हणाले. एका बादशहाला तर एवढा नाद, की रथ हलला तरी सोंगट्या विस्कटू नयेत म्हणून त्यानं रथातच पट पक्का बसवून घेतला होता.

"मग घोडे कोण हाकत होता?" चाचानं विचारलं. "तो पण खेळत होता काय?"

मी हार मानायला तयार नव्हतो. आमच्याकडे सोंगटीला नरद म्हणतात, असं मी ठासून सांगितलं. उस्ताजनी मांडीवर थाप मारली. नर्द हे तर फारशी लोकांचं या खेळाला नाव! रोमनांकडून त्यांनी घेतला, त्यांच्याकडून तुम्ही.

"म्हणजे आपला माल थर्डहँड," चाचा म्हणाला.

हे ऐकून पलीकडच्या टेबलावरचा इराणी दुकानदार उठून भांडायला आला. त्याच्या मते रोमनांनीच इराणचा खेळ पळवला होता. ते भांडण मी फुजैरात असेपर्यंत मिटलं नाही, आणि मिटू नये अशीच सगळ्यांची इच्छा होती.

त्या दिवशी मी हरलो. उस्ताजनी पेटी मिटली, कडी लावली आणि माझ्या काखेत सरकवली. तिथला रिवाजच तसा. हरलेल्यानं तावला काखेत मारून चालत घरी जायचं, आठवडाभर त्याच्या छपराखाली तो राहणार, आणि पुढच्या शुक्रवारी त्यानंच तो परत आणायचा.

"यल्ला. घर ले जाओ. सीखो!"

सगळ्या कहवाखान्यानं टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून निघालो. काखेत पेटी बघून नाक्यावरचा पठाण टॅक्सीवाला हॉर्न वाजवून ओरडला, "मास्टर, फेल?" पुढच्या शुक्रवारी त्याचं 'आज भी फेल?' झालं, आणि मग जवळजवळ दर शुक्रवारी तेच. उस्ताज कधी आजारी असत, कधी सुट्टीत गावी जात. एरवी तावला माझ्याकडेच मुक्कामाला. इतरांना मी अधूनमधून हरवायचो. उस्ताजना एकदाही नाही.

आणि तरी मी तिथं फुलत होतो. घरात मी धाकटा, शाळेत मागच्या बाकावरचा, तोंड उघडायच्या आधी तीनदा विचार करणारा. फुजैरात त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर मी चार भाषांतून टोमणे खाल्ले, दोन भाषांतून परत केले, पोट दुखेस्तोवर हसलो. शुक्रवारची वाट मी शनिवारपासून बघायचो.

शुक्रवारीच सकाळी फोन कार्ड घेऊन मी घरी फोन करायचो. आई माझ्यासाठी शुक्रवारचा उपास धरायची.

"वाळलास का रे?"

"थोडा."

"आज तरी सुट्टी देतात ना मेले?"

"ओव्हरटाइम असतो, आई."

मग बायको फोन घ्यायची. "जेवता ना वेळेवर?"

"हो."

"आवाज खोल गेलाय तुमचा."

"लाइन खराब आहे."

लाइन चांगली असायची. आवाज मीच खोल न्यायचो. तिकडे माझ्यासाठी उपास चाललाय, माझी मुलगी मला फोटोत बघून ओळखायला शिकतेय, आणि मी इथं मजेत आहे, हे कुठल्या तोंडानं सांगणार? फोन ठेवला की खरंच वाईट वाटायचं. मग दारातून चाचा ओरडायचा, "चल रे, उस्ताजला उशीर खपत नाही," आणि मी चपला घालायचो. अपराधीपणानं माझं सुख कधी अडवलं नाही. ते नुसतं शेजारच्या खुर्चीवर येऊन बसायचं.

उस्ताजना माझी खोड पहिल्या महिन्यातच कळली होती. "तुम खेलता नहीं," ते म्हणायचे. "तुम छुपता." आणि मग त्यांच्या आवडत्या बादशहाची गोष्ट. हा रथवाला नव्हे, त्याच्यानंतर चारेकशे वर्षांनी झालेला दुसरा. डाव मांडून निवांत बसला होता. घरं बांधलेली, सोंगट्या जोडीजोडीनं. त्याला तीन फाशांवर दान पडलं दोन, पाच, सहा. बाकी सगळ्या वाटा बंद. बिचाऱ्याला स्वतःच्याच जोड्या फोडत जावं लागलं, आणि हात उचलला तेव्हा आठ सोंगट्या एकट्यादुकट्या, उघड्यावर. "उसका लड़ाई किसी को याद नहीं," उस्ताज म्हणायचे. "ये एक दान का फजीता पंद्रह सौ साल से सब को याद!"

मला वाटलं थापा मारतायत. बंदरावर खलाशांचा एक क्लब होता, तिथं जहाजांवरून आलेली जुनी पुस्तकं पडलेली असत. एका जाडजूड इंग्रजी पुस्तकात मी शोधलं. सगळं खरं निघालं. रथ खरा, तीन फासे खरे, बादशहाची फजितीसुद्धा खरी, डाव कसा मांडलेला होता त्या आकृतीसकट. आणखी एक गोष्ट सापडली जी उस्ताजनी सांगितली नव्हती. काही रोमन पटांवर घरांच्या जागी अक्षरं कोरत, शब्द जुळतील अशी. उत्तर आफ्रिकेतल्या एका गावात सापडलेल्या अक्षरांचा अर्थ पुस्तकानं दिला होता. शिकार करणं, अंघोळ करणं, खेळणं, हसणं, हेच जगणं. मी तो दोनदा वाचला, आणि कुणी बघतंय की काय अशा घाईनं पुस्तक मिटलं.

सन दोन हजारच्या सुमाराला मला बढती मिळाली आणि फॅमिली व्हिसा झाला. बायको आणि मुलगी आल्या. मुलगी सात-आठ वर्षांची, सहा महिन्यांत मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर द्यायला लागली. भाड्याचा फ्लॅट, खिडकीतून डोंगर. आणि कपाटाच्या माथ्यावर चादरीत गुंडाळलेला तावला. 'ऑफिसची पेटी आहे,' असं मी बायकोला सांगितलं होतं. शुक्रवारचा ओव्हरटाइमही तसाच चालू होता. पेटी बगलेत घेऊन मी ओव्हरटाइमला जायचो आणि घेऊन परत यायचो.

दुसऱ्या वर्षी, दिवाळीला महिना असताना, तिनं साफसफाई काढली. मी आत आलो तर चादर जमिनीवर, पेटी उघडी, आणि फासे तिच्या तळहातावर.

"हे काय आहे?"

"पट."

"कसला?"

"रोमन."

"रोमन असो नाहीतर जर्मन! खालच्या फळीवर देव आहेत माझे. देवांच्या डोक्यावर फासे ठेवलेत तुम्ही?"

"एका मित्राचा आहे. सांभाळायला दिलाय."

"लक्ष्मीपूजनाच्या आत हा घराबाहेर गेला पाहिजे. मित्राला सांगा."

आता मोठी पंचाईत झाली. रिवाजाप्रमाणे तावला माझ्या घरातून एकाच वाटेनं जाऊ शकत होता. उस्ताज गावात असताना माझा डाव त्यांच्याशीच लागायचा, म्हणजे ते हरले तर. नुसता नेऊन टेकवला असता तर कहवाखान्यानं विचारलं असतं, बायकोनं हाकललं का? चाचा म्हणाला, "माझ्या खोलीत ठेव की." पण त्याच्या खोलीत आता सात जण होते. चार दिवसांत तावल्याचा चहाचा ट्रे झाला असता.

त्या शुक्रवारी मी जिवावर उदार होऊन खेळलो आणि हरलो. पुढच्या शुक्रवारीही. दोन्ही वेळा पेटी जिन्याखाली लपवली आणि बायको आंघोळीला गेल्यावर वर आणली.

दुसऱ्या पराभवानंतर सकाळी ती ओट्यापाशी सुरमई कापत होती. पाठमोरीच म्हणाली, "मित्राचा पट परत आला वाटतं. जिन्याखालून."

मी दारात उभा होतो. आणखी एक थाप तयार होती, जिभेवर होती. का कोण जाणे, ती बाहेर आलीच नाही.

"मित्राचा नाही," मी म्हणालो. "हरतो त्याच्याकडे असतो."

"मग तुमच्याकडे कसा?"

"मीच हरतो."

"कधीपासून?"

"आल्यापासून."

सुरी थांबली. "आणि ओव्हरटाइम?"

"नव्हता."

"कधीच नव्हता?"

"एखाद्या शुक्रवारी असायचा. तेव्हा फार वाईट वाटायचं."

ती वळली. हाताला मासळी लागलेली, म्हणून हात तसेच हवेत धरून. "म्हणजे तुम्ही इथं मजेत होता."

"हो."

तो एक शब्द बोलायला मला दहा वर्षं लागली. मग बाकीचं आपोआप आलं. कहवाखाना, उस्ताज, इराण्याचं भांडण, आवाज खोल नेऊन केलेले फोन, आईचा उपास. सगळं सांगितलं. ती आता रडेल, किंवा मुलीला घेऊन परत जाते म्हणेल, अशी माझी तयारी होती.

तिनं नळाखाली हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, "इतकी वर्षं मजा केलीत आणि नुसते हरलात?"

"...हो."

"कमाल आहे तुमची. निदान जिंकायचं तरी!"

ती स्टुलावर बसली. मिठाच्या बरणीचं झाकण लावलं. मग हळूच म्हणाली, "मी पण काही रोज उशी भिजवत नव्हते."

"म्हणजे?"

"चिपळूणला लागलेली सगळी नाटकं बघितली मी. पहिल्या रांगेत बसून. तुमच्या आईला सांगायची, महिला मंडळाचं भजन आहे."

"आणि फोनवर रडायचीस ती?"

"तुमचा आवाज खोल जायचा ना! मग मला काय हसता येतं होय?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आधी तिला हसू फुटलं, मग मला. हसता हसता तिचे डोळे भरून आले, आणि ते पुसत ती पुन्हा हसली. बाहेरून मुलगी ओरडली, "व्हॉट हॅपन्ड? व्हाय आर यू गाइज लाफिंग?"

"काही नाही गं," बायको म्हणाली, "तुझे बाबा हरतात." आणि मला म्हणाली, "आता तो नुसता नेऊन द्यायचा नाही. त्या उस्ताजच्या काखेतून गेला पाहिजे. लक्ष्मीपूजनाच्या आत. बसा, मला दाखवा कसा खेळतात."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी चहा झाला की हॉलमध्ये चटई अंथरून आम्ही खेळायला लागलो. फासे चटईवर चालतील, देवांसमोर नकोत, असा तिनं स्वतःपुरता तोडगा काढला. खेळ ती दोन दिवसांत शिकली. आठवड्यात मला हरवायला लागली. मी तिला बादशहाची गोष्ट सांगितली आणि पुस्तकातल्या आकृतीवरून आठवेल तसा त्याचा डाव मांडून दाखवला. ती गुडघ्यावर हनुवटी टेकून बघत राहिली.

"हा तुमचाच भाऊ की हो. एकाला एक चिकटवून बसलाय. हलायला जागाच नाही."

"जुग असला की मरत नाही."

"अहो, ते देवळातल्या पटावर. इथं तुम्ही पहिल्या दानापासून जुग सांभाळत बसता. मग मोठं दान पडलं की तेच फोडावे लागतात, तेही नको तिथं. मरायला घाबरून तुम्ही उशिरा मरता, एवढंच." तिनं माझी एक सोंगटी उचलली आणि माझ्याच समोर, उघड्यावर, एकटी ठेवली. "ही इथं राहू दे. मेली तर मेली. सुरुवातीला मेली तर काय बिघडतं? परत यायला वेळ असतो. वाचली तर तिच्याशेजारी घर बांधा."

मला ते बघवेना. हात आपोआप ती झाकायला पुढे गेला. तिनं हातावर चापट मारली.

मुलगी म्हणाली, "बाबा, यू आर सो स्केअर्ड!"

पुढच्या शुक्रवारी मी हरलोच, पण थोडक्यात. उस्ताजनी पेटी काखेत देताना पहिल्यांदाच डोळे बारीक केले. "कौन सिखाता तुमको?"

"घर में है कोई."

आता एकच शुक्रवार उरला होता. त्या वर्षी दिवाळी आणि रमजान पाठोपाठ आले होते. रमजान लागला की दुपारचा कहवाखाना महिनाभर बंद. म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या आतलाच नव्हे, तर त्यानंतरही बऱ्याच दिवसांसाठीचा शेवटचा डाव. ही बातमी चाचानं सगळीकडे फिरवली. मी पोचलो तेव्हा नाक्यावरचा पठाण टॅक्सी लावून आधीच येऊन बसला होता. बायको आणि मुलगी समोर रस्त्यापलीकडे समुद्राच्या कठड्यावर. कहवाखान्यात बायका बसत नसत, पण टेबल बाहेर असल्यानं तिथून डोकी दिसत होती, पट नाही. चाचा मधल्या रस्त्यावर येरझारा घालून वार्ताहराचं काम करत होता.

पाच डावांत तीन जिंकायचे. पहिला डाव उस्ताजचा, दुसरा माझा, तिसरा उस्ताजचा, चौथा मी सोंगट्यांच्या शर्यतीत कसाबसा काढला. चाचाचा आवाज रस्त्यापलीकडे गेला, "भाभी, दोन-दोन! नखं खाऊ नका!"

पाचव्या डावात सुरुवातीलाच मला असं दान पडलं की नेहमीचा मी दोन सोंगट्या चिकटवून स्वस्थ बसलो असतो. मी एक सोंगटी पुढे नेऊन उघड्यावर एकटी ठेवली, आणि दुसरी तिच्यापासून दोन घरांवर, तीही एकटी.

उस्ताज थांबले. "ये क्या? भूल गया?"

"नहीं."

"दोनों खुला है."

"मालूम है. खुला रखा."

इराणी खुर्ची सरकवून जवळ आला. उस्ताजनी फासे हलवले, मनगटाचा तो झटका दिला. दोन आणि एक. माझ्या दोन्ही सोंगट्या वाचल्या. पुढच्या दानाला मी दोन्ही झाकल्या, आणि बघता बघता माझी ओळीनं चार घरं झाली. त्यांची एक सोंगटी त्यामागे अडकली. पाचवं घर बांधायला मी पुन्हा एक सोंगटी उघडी टाकली. या वेळी तिला मारायला त्यांना नेमका चार हवा होता. त्यांनी फासे फुंकले. सहा आणि पाच.

"शेश-बेश!" सगळा कहवाखाना एका सुरात ओरडला. तिथं फाशांचे आकडे अजून फारशी-तुर्कीतच पुकारतात.

मी पाचवं घर बांधलं, आणि त्यानंतर सहावं. सलग सहा घरांची भिंत. फाशावर सहाच्या वर आकडा नसतो, म्हणून ती भिंत कुणाला ओलांडता येत नाही. उस्ताजची ती सोंगटी मागे तशीच बसून राहिली आणि बाकीच्यांना प्रत्येक दानाला हलावं लागलं. त्यांची सुंदर बांधलेली घरं एकेक करून मोडत गेली. जोड्या फुटल्या. सोंगट्या विखुरल्या.

मला बोलायचं नव्हतं. पण तोंडातून गेलंच. "उस्ताज, बादशहा."

मग उस्ताजनी स्वतःच्या पटाकडे बघितलं, मिशीवरून हात फिरवला आणि इतक्या मोठ्यानं हसले की हुक्का पडता पडता वाचला. "पंद्रह सौ साल!" ते टेबल बडवत म्हणाले. "पंद्रह सौ साल बाद मेरा नंबर आया!"

मी सोंगट्या बाहेर काढायला लागलो. मलबाऱ्यानं चहा आणून ठेवला तो तसाच गार झाला. शेवटच्या दोन सोंगट्या उरल्या तेव्हा उस्ताजच्या अजून सगळ्या आत होत्या. मी फासे टाकले, दोन्ही सोंगट्या एकदम उचलल्या आणि पटावर अशा आपटल्या की ते लाकूड अजून कानात वाजतं.

पुढचा गोंधळ मला तुकड्यातुकड्यांत आठवतो. इराण्यानं माझ्या गालांचे मुके घेतले. पठाणानं टॅक्सीत जाऊन हॉर्न दाबून धरला. चाचा रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात वर करून नाचत होता आणि दोन गाड्या त्याच्यासाठी थांबल्या होत्या. मी पेटी मिटली, कडी लावली. उस्ताज उठून उभे राहिले, शर्ट सारखा केला, आणि स्वतःच हात उचलून काख मोकळी केली. मी तावला तिथं सरकवला.

"यल्ला, उस्ताज. घर ले जाओ."

"सीखो बोलो," ते म्हणाले. "पूरा बोलो. कायदा है."

"सीखो!"

"और रमजान पूरा मेरे पास रहेगा ये," ते कपाळावर हात मारत म्हणाले. "एक महीना! मेरा बीवी मुझे बाहर सुलाएगा."

त्यांची गाडी समोरच होती. त्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पेटी काखेत मारून ते किनाऱ्याच्या रस्त्यानं चालत निघाले, मान ताठ, जणू शाळेच्या समारंभाला निघालेत. सगळा कहवाखाना मागून टाळ्या वाजवत होता. कठड्यापाशी ते थांबले, छातीवर हात ठेवून बायकोसमोर थोडं वाकले.

"मबरूक, मुबारक हो, मॅडम. तुम सिखाया?"

"थोडा-थोडा," बायको म्हणाली. "वो डरता था."

"मालूम," उस्ताज म्हणाले. "मुझे भी मालूम था. मेरा सुनता नहीं था." आणि पुढे गेले.

मी रस्ता ओलांडून तिच्यापाशी आलो. ऊन उतरलं होतं, समुद्रात ओळीनं जहाजं उभी होती. उस्ताजची पाठ लांब जात होती आणि काखेतून पेटीचा कोपरा दिसत होता. आणि मी, बोलायच्या आधी तीनदा विचार करणारा माणूस, कठड्यावर चढून उभा राहिलो आणि ओरडलो. कुठल्या भाषेत ते माहीत नाही. शब्द नव्हतेच. बार्जवर ऐकू गेलं असेल इतक्या मोठ्यानं, छाती रिकामी होईपर्यंत ओरडलो. मुलगीही शेजारी चढली आणि माझ्याबरोबर ओरडायला लागली.

बायकोनं माझ्या शर्टाचं टोक ओढलं. "अहो, हळू. सगळे बघतायत."

"बघू देत," मी म्हणालो.